बोलका गृहपाठ

माझ्या नाकावर राग असतो हे माहेरी, सासरी आणि शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. मीही तो कधी लपवला नाही, उलट थोडा मिरवलाच. विज्ञानाच्या बाईंना पोरं घाबरतात म्हणून निदान व्याख्या तरी पाठ करतात, असं मी स्टाफरूममध्ये खुशाल सांगायचे. पुढे जे सांगणार आहे त्यात या रागाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये शिकवते. राहते जळगावात, येते-जाते एसटीने. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते आणि नववीचा वर्ग अर्धा रिकामा होतो. हजेरी घेताना मी नावं पुकारते आणि उत्तर येतं, "वेचाले गयी मॅडम." आधी मी चिडायचे, मग पालकांना निरोप धाडायचे, मग हात टेकायचे. टाळेबंदीत सुरू झालेला वर्गाचा ग्रुप मात्र तसाच राहिला होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यावर सकाळी फुलं यायची, सणाला देव यायचे आणि मधेच कुणाची तरी हरवलेली म्हैस यायची. त्या वर्षी मी ठरवलं की पोरं शाळेत येत नसतील, तर शाळा त्यांच्याकडे न्यायची.

पहिलं काम काय केलं, तर ग्रुपवर फक्त मीच बोलू शकेन अशी सोय केली. फुलं बंद, देव बंद, म्हैस बंद. मुलांनी गृहपाठाच्या पानाचा फोटो काढायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत माझ्या नंबरवर वेगळा पाठवायचा. मी रोज लांबलचक टिपणं लिहून टाकू लागले. आठ दिवस कुणाचा काही पत्ता नाही. मग एकदा बाजाराच्या दिवशी एका मुलीची आई रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "म्याडम, तुम्हीन लिखतस ते आम्हले वाचता येत नही. बोलीसन धाडा ना."

मला हे आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. फोन मुलांचे नव्हतेच. ते बापांचे, काकांचे, एखाद्या आजोबांचे होते, आणि ते फोन दिवसभर शेतात, बांधावर, कापसाच्या जिनिंग मिलच्या दारात फिरायचे. मग मी लिहिणं सोडून बोलायला लागले. रोज चार मिनिटांचा धडा, आणि शेवटी हजेरी. आज कुणाचा अभ्यास आला, कुणाचा नाही, नावानिशी. आपल्या मुलीचं नाव बाईंच्या तोंडून ऐकायला आईबापांना आवडायचं. ज्यांचं नाव 'नाही'च्या यादीत यायचं त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी हमखास यायचा. उपक्रम म्हटला की त्याला नाव लागतं, तेव्हा मी नाव दिलं 'बोलका गृहपाठ'. मुख्याध्यापकांनी तो वर कळवला आणि धुळ्याच्या एका कार्यशाळेत तो सादर करायचं बोलावणं आलं. मी हुरळून गेले, हे खोटं कशाला बोलू?

कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी मी घरी बसून सादरीकरण तयार करत होते. शेवटच्या पानावर मला एकच वाक्य हवं होतं: वेचणीच्या हंगामातही वर्गातला एकही विद्यार्थी अभ्यासाबाहेर राहिला नाही. त्यासाठी मी आलेले फोटो मोजले. सगळ्यांचे होते, एका मुलीचा नव्हता. आजचा नव्हता, कालचा नव्हता; आधी मैत्रिणीच्या फोनवरून यायचे, पण अकरा दिवसांपासून एकही नव्हता. मुलगी तशी हुशार. पहिल्या बाकावर बसायची, कमी बोलायची, अक्षर टपोरं. ती वेचणीला जाते हे मला माहीत होतं. पण वेचणीला तर सगळ्याच जात होत्या.

माझं पित्त खवळलं. आज मागे वळून बघताना दिसतं की तो राग त्या मुलीच्या अभ्यासासाठी नव्हताच. माझं शेवटचं पान अडलं होतं, म्हणून तो होता. मी फोन उचलला, बटण दाबून धरलं आणि ग्रुपवर बोलले. तिचं नाव घेतलं. अकरा दिवस झाले, म्हणाले. बाकीच्यांना जमतं आणि हिलाच का जमत नाही, म्हणाले. आणि मग बोलण्याच्या भरात, जे आम्ही शिक्षक दिवसातून दहादा म्हणतो ते म्हणाले, "आईवडिलांना मुलीच्या शिक्षणाची पर्वा नसेल, तर उद्या येऊन दाखला घेऊन जा."

माझ्या लहानपणी मला माझ्या बाईंनी हेच वाक्य कितीतरी वेळा ऐकवलं होतं. कुणी कधी दाखला नेला नव्हता. हे वाक्य म्हणजे छडी होती, ती हवेत फिरवायची असते. पण ती शाळेच्या चार भिंतींत फिरवायची असते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात माझं सादरीकरण फार चांगलं झालं. साहेबांनी कौतुक केलं, दोन-तीन शाळांच्या बाईंनी नंबर घेतले. पालक वाचत नाहीत म्हणून मी बोलायला लागले, हे मी सांगितलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. शेवटचं पान मी तसंच ठेवलं होतं. एका मुलीसाठी कुठे बदलायचं?

त्यानंतरच्या सकाळी शाळेत पोचले तर क्लार्कनी सहज सांगितलं, "मॅडम, तुमच्या नववीतल्या एका मुलीचा काल दाखला गेला."

"कुणाचा? कुणी दिला?"

"वडील आले होते. अर्ज मीच लिहून दिला, त्यांनी अंगठा केला. कारण विचारलं तर म्हणाले, मॅडमनी सांगितलंय. सरांनी सही केली. तुम्ही ग्रुपवर बोलला होतात ना?"

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, तुमचा मेसेज मीही ऐकला होता. मला वाटलं तुमचं आणि पालकांचं काही बोलणं झालं असेल." मी विचारलं, एकदा मला फोन नाही करायचा? ते म्हणाले, तुम्ही धुळ्यात स्टेजवर होतात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. नववीत नाव निघालेली मुलगी दहावीचा फॉर्म कुठून भरणार? या गावात एकदा दाखला घरी गेला की तो ट्रंकेत जातो आणि पुढे लग्नपत्रिकेत जन्मतारीख लिहायच्या वेळी बाहेर निघतो. माझ्या नोकरीत असे दाखले मी पाहिले आहेत.

अर्धा दिवस रजा टाकली आणि शाळेच्या शिपायाच्या मोटरसायकलवर मागे बसून वेचणी कुठे चालली आहे ते शोधत निघाले. गावापासून बऱ्याच लांब एका शेताच्या बांधाला निळी मालरिक्षा उभी दिसली. मी ती ओळखली. माझी एसटी चुकली की हीच रिक्षा मला फाट्यापर्यंत सोडायची. तिच्या सावलीत बसलेला माणूसही ओळखीचा होता. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव 'रिक्षावाले भाऊ' असं होतं. तो या मुलीचा बाप आहे हे मला त्या बांधावर उभं राहून कळलं. चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसून फाट्यावर जात होते.

तो लगेच उभा राहिला, डोक्याचा रुमाल काढला. माणूस मुळीच रागावलेला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी म्हटलं, "भाऊ, असं कसं नाव काढलंत मुलीचं?"

"मी कोठे काढं म्याडम? तुम्हीनच सांगं, दाखला ली जा. मी दाखला ली उनू."

"अहो, ते रागाने बोलतो आम्ही. तसं नसतं ते."

त्याने रुमाल हाताभोवती गुंडाळला. मग त्याने जे सांगितलं ते मला आजही त्याच्याच आवाजात आठवतं. तो रोज सकाळी वेचणीच्या बायांना रिक्षेत घेऊन शेतावर येतो. रिक्षेत मागे मोठा स्पीकर आहे. आधी त्यावर गाणी लागायची. मी बोलायला लागल्यापासून तो आदल्या दिवशीचा माझा धडा लावायचा, सगळ्या बायांनी ऐकावा म्हणून. त्या ऐकायच्याही. मुलगी त्यांच्यातच बसलेली असायची. हजेरीत तिचं नाव 'नाही'च्या यादीत यायचं, तेव्हा बाया तिची थट्टा करायच्या आणि ती हसायची. त्या सकाळी त्याने नेहमीसारखंच बटण दाबलं. आत काय आहे हे त्याला कसं कळणार?

"तुम्हीन माले शाळामा बलाईसन बोलतात ते मी आयकी लेतू," तो म्हणाला. "पन बठ्ठ्या बायास्ना समोर. पोरनी मान खाले घाली, ती वर करी नही. माले वाचता येत नही म्याडम, पन आयकता येस ना."

मी मुलगी कुठे आहे विचारलं. त्याने पऱ्हाटीच्या ओळींकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाला, "पोर म्हनस, म्याडमले मी नको शे."

मी आत शिरले. ती कमरेला ओटी बांधून वेचत होती, मला पाहून वेचतच राहिली. आणि इतकं सगळं ऐकून झाल्यावरही माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "अगं, पण तू अभ्यास का पाठवला नाहीस?" तेच, तसंच, वर्गात विचारल्यासारखं. सवय अशी असते. मुलगी बोटांनी बोंडातला कापूस ओढत राहिली.

पलीकडच्या ओळीतून एक म्हातारी बाई सरळ झाली. सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या. "कसा धाडा नही? रोज दुपारले भाकर खाई झायी का ती मोबाईल ली बसे. आम्ही बठ्ठ्या बाया चुप. कोनी खोकली तरी तिले राग ये. आम्हना बी पाठ व्हई गया तो धडा."

बाकीच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला काही समजेना. मी फोन काढला, आणि 'रिक्षावाले भाऊ' हे नाव उघडलं. खाली खाली सरकवत गेले. अकरा मेसेज होते, सगळे आवाजाचे, कुठला दोन मिनिटांचा, कुठला चार. एकही मी ऐकलेला नव्हता. रोज दुपारी ते नाव यायचं तेव्हा मला वाटायचं, विचारत असेल, मॅडम, आज सोडू का फाट्यावर? आणि एवढं लांब विचारतोय म्हणून थोडा वैतागही यायचा. मला फोटो हवे होते. शेतात वही कुठली? बाई बोलून शिकवतात, तर आपण बोलून उत्तर द्यावं, एवढा साधा विचार त्या मुलीने केला होता.

मी बांधाच्या टोकाला जाऊन फोन कानाला लावला.

"नमस्कार मॅडम. मी नववीची विद्यार्थिनी. प्रश्न पहिला. जडत्व म्हणजे काय?" पुढे पुस्तकातली व्याख्या, न अडखळता. मागे वारा होता आणि बांगड्यांचा आवाज. मग उदाहरण आलं, आणि तिथे तिची पुस्तकी भाषा सुटली. "म्हणजे आसं शे मॅडम, आबानी रिक्षाले एकदम ब्रेक मारा का बठ्ठ्या बाया पुढे पडतस. गाडी थांबनी, पन बायास्नं आंग चालूच ऱ्हास." मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती दचकली असावी. "सॉरी मॅडम. गाडी थांबते, पण शरीर पुढे जात राहतं." वर्गात अहिराणीत उत्तर दिलं की मी चालू देत नाही, म्हणून ती सॉरी म्हणाली होती. इतकं चांगलं उदाहरण मी नोकरीत एकदाही दिलेलं नाही.

मी सगळे ऐकले नाहीत. तिसरा ऐकला, पाचवा ऐकला, मग मला राहवेना म्हणून शेवटचा लावला. तो मी संध्याकाळी ग्रुपवर तिला झोडपलं त्याच दिवशी दुपारचा होता. त्याची सुरुवात गृहपाठाने नव्हती. ती म्हणत होती, "मॅडम, माझं ऐकू येतं का? तुम्ही रोज हजेरीत मला नाही म्हणता. आवाज बारीक येतो का? आज मी जवळ धरून बोलते."

मी बांधावर बसले आणि रडले. पंचेचाळिशीची बाई, शिपाई समोर उभा, आणि बाया लांबून बघतायत. मला त्या वेळी कशाचीच लाज वाटली नाही.

परत येऊन मी तिची माफी मागितली. ती "काही नाही मॅडम" म्हणाली, मोठी माणसं शिकवतात तसं, जमिनीकडे बघून. मग मी तिच्या वडिलांना हात जोडले आणि म्हटलं, दाखला परत आणा, उद्याच नाव घालते. त्यांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला. "म्याडम, तुम्हीन जठे बोलनात, तठेच बोला. बास."

एवढंच. आवाज चढवला नाही, अट घातल्यासारखंही बोलले नाहीत.

मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, तुम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागा, मीही येतो, पण ग्रुपवर नको. आज एकाने मागितली, उद्या प्रत्येक पालक मागेल. शाळेची इज्जत राहणार नाही. दोन दिवस मी त्यांच्या म्हणण्याच्या आड लपले, हेही सांगायला हवं. मलाही ते सोयीचं वाटत होतं. ग्रुपवर माफी मागायची म्हणजे सत्तर घरांत, सत्तर बांधांवर, आणि कुठल्या कुठल्या स्पीकरवर. धुळ्याच्या ज्या बाईंनी माझा नंबर घेतला होता, त्यांतल्या दोघींना मी स्वतःच हौसेने ग्रुपमध्ये घेतलं होतं. त्याही ऐकणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसायच्या आधी जळगावच्या स्टँडवर एका कोपऱ्यात उभी राहिले. पहिल्यांदा बोलले ते फार लांबलं, आणि त्यात मी स्वतःची बाजू मांडत होते. पुसलं. दुसऱ्यांदा आवाज फुटला. पुसलं. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाले की मी तिचं नाव घेऊन बोलले ते चुकीचं होतं, तिने अकरा दिवस रोज अभ्यास पाठवला होता, मी ऐकला नव्हता, चूक तिची किंवा तिच्या आईवडिलांची नसून माझी आहे, आणि मी तिची आणि तिच्या वडिलांची सगळ्यांसमोर माफी मागते. बोट उचललं. मेसेज गेला. ग्रुपवर कुणी बोलू शकत नव्हतं, ती सोय मीच केलेली होती. त्यामुळे दिवसभर कुणाचंच काही आलं नाही. कुणी चार वाईट शब्द बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी रिक्षा शाळेच्या फाटकात उभी राहिली. बापाने घडी घातलेला दाखला क्लार्ककडे दिला. क्लार्कनी जनरल रजिस्टर उघडून सांगितलं की जुन्या नंबरवर आता नाव घालता येत नाही, नवा नंबर पडेल. तिचं नाव वर्गाच्या हजेरीपटावर शेवटच्या ओळीत, नव्या आकड्यासमोर लिहिलं गेलं. ती वर्गात आली आणि पहिल्या बाकाकडे न जाता खिडकीशी मागे बसली. मी तिला पुढे बोलावलं नाही.

त्या दिवसापासून मी ग्रुप सगळ्यांना मोकळा केला. फुलं परत आली, देव परत आले. मी नावानिशी हजेरी बंद केली आणि आलेला प्रत्येक आवाज ऐकते, अगदी चुकून आलेला खोकलाही. दुपारी डबा खाताना फोन कानाशी असतो म्हणून स्टाफरूममध्ये माझी थट्टा होते. मुलं आता बोलून उत्तरं पाठवतात, अहिराणीतही पाठवतात, आणि मी त्यांना टोकत नाही. धुळ्याहून एका बाईंनी कळवलं की त्यांनीही बोलका गृहपाठ सुरू केला आहे, छान चाललाय. नावानिशी हजेरी घेऊ नका म्हणून मी त्यांना फोन करून पाऊण तास बोलले. किती पटलं, माहीत नाही.

'रिक्षावाले भाऊ' हे नाव मी बदललं, तिथे तिचं नाव घातलं. त्या नावावरून मात्र काहीच येत नाही.

महिन्याभराने आम्ल आणि आम्लारीचा धडा चालू होता. मी प्रश्न विचारला, चार-पाच हात वर झाले. तिचा नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला उत्तर येतंय. वीस वर्षं शिकवल्यावर तेवढं कळतं. मी तिचं नाव घेतलं, शक्य तेवढ्या मऊ आवाजात. ती उभी राहिली. सगळा वर्ग मागे वळून बघू लागला.

"येतं ना तुला?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग सांग की. कशीही सांग. तुझ्या बोलीत सांग."

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. शेजारची मुलगी कुजबुजली, सांग ना गं. पंखा फिरत होता. मी थांबले, नेहमी थांबते त्याहून बरीच जास्त. मग ती खाली वाकली, दप्तरातून वही काढली आणि म्हणाली, "मॅडम, लिहून दाखवू का?"

मी हो म्हटलं. ती उभ्याउभ्याच लिहीत राहिली आणि वर्ग गप्प बसला. मग मी तिच्या बाकापाशी जाऊन वही हातात घेतली. उत्तर बरोबर होतं.